वाढणारीचं ताट कुठंय?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आपल्या रविवारच्या पुरवणीत घरच्या घरी फ्रेंच डिनर असं पानभर छापून आलं होतं आणि त्याच आठवड्यात वाचकांच्या पत्रांत एका ताईंनी लिहिलं होतं की आता घरी पाहुणे बोलावणं होत नाही हो, सकाळपासून ओट्याशी उभं राहून कंबर जाते, त्यापेक्षा सगळ्यांना हॉटेलात नेलेलं बरं. मी दोन्ही कात्रणं काढून ठेवलीत, कारण त्या ताईंना जे उत्तर पाहिजे ते त्या फ्रेंच पानात असायला हवं होतं आणि नेमकं तेच तिथं नव्हतं. होतं काय, तर डब्यातले मश्रूम, चीजचे क्यूब, बाटलीतलं मेयोनीज आणि सात पदार्थ, सातही आयत्या वेळी गरम करून वाढायचे. म्हणजे जेवण फ्रेंच केलं तरी घरातली बाई ओट्याशीच. वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय, पत्र लांबणार आहे, सांभाळून घ्या.

माझा जन्म इंदूरच्या मल्हारगंजातला. आमच्या घरी सण असो, बारसं असो की वडिलांच्या ऑफिसातले लोक जेवायला असोत, आधी पुरुषांची पंगत, मग पोरांची, मग आलेल्या बायकांची आणि सगळ्यात शेवटी आई आणि काकू, दुपारचे चार वाजलेले, स्वैपाकघरातच भिंतीला टेकून, वरणावर साय धरलेली, भजी संपलेली, पुरणपोळी उरली असली तर कडेची मोडकी. बाहेरून कुणी म्हणालं वहिनी भरली वांगी काय सुरेख झालीत, तर ती आतूनच ऐकायची, हात पिठात. पाहुण्यांबरोबर आई जेवायला बसलीय असं एकही चित्र माझ्या डोळ्यांपुढं येत नाही आणि मी खूप आठवून बघितलंय.

पुढं डायनिंग टेबल आलं, गॅस आला, मिक्सर आला, पंगत गेली, पण पोळी तव्यावरून थेट ताटातच पडली पाहिजे हे काही गेलं नाही. मी बँकेत नोकरी करायचे, तरी तीस वर्षं मी पण तेच केलं. पाहुणे बाहेर हसताहेत, मी आत पोळ्या लाटतेय, मधेच कुणीतरी येऊन म्हणतं अगं ये ना तू पण, आणि येणार कशी, तवा तापलेला.

मग लेक लग्न होऊन फ्रान्सला लिओं शहरात गेली आणि २०१९ साली मी पहिल्यांदा तिच्याकडं तीन महिने राहिले. त्यांचं घर क्र्वा-रूस नावाच्या टेकडीवर. तिथं पूर्वी रेशमाचे विणकर राहायचे, त्यांना कान्यू म्हणतात, जुन्या घरांची छतं अजून खूप उंच आहेत कारण माग तेवढे उंच असायचे. समोरच्या दारात सत्तरीच्या एक बाई होत्या, शाळेतून रिटायर झालेल्या, एकट्या. त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं. मी इथून नेलेली महेश्वरी ओढणी त्यांना दिली तर त्यांनी आधी काठ उलटा करून मागची वीण बघितली, मग गळ्यात घातली, आणि मला तेव्हाच वाटलं की हिचं आपलं जमणार.

आठला बोलावलेलं, लेक म्हणाली सव्वाआठला जायचं, यजमानाला पंधरा मिनिटं जास्तीची द्यायची अशी तिथली रीत. गेल्यावर आधी आपेरो, म्हणजे जेवणाआधीचं थोडं तोंडात टाकायचं आणि प्यायचं. ऑलिव्ह होते, कोवळे लाल मुळे लोणी आणि मिठाबरोबर, मला पुदिन्याचं सरबत. मग त्या आत जाऊन आल्या आणि म्हणाल्या आ ताब्ल. म्हणजे चला टेबलावर. आपण म्हणतो ना, पानं घेतलीयत चला, अगदी तसंच. फरक एवढाच की आपल्याकडं हे म्हणणारी बाई स्वतः पानावर नसते आणि त्या बाई सगळ्यांच्या आधी खुर्ची ओढून बसल्या. मी सवयीनं उठले, काही आणू का म्हणून, तर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं.

जेवायला काय होतं ते पण सांगते कारण मुद्दा तिथंच आहे. किसलेलं गाजर लिंबू, तेल आणि मोहरी लावून, ते दुपारीच करून ठेवलेलं. मग ओव्हनमधून बटाट्याची एक मोठी थाळी, ती बाईंनी पाहुणे यायच्या आधीच आत ढकललेली. मग हिरव्या पानांचं सॅलड, मग चीज आणि पाव, पाव ताटात नाही तर थेट टेबलक्लॉथवर ठेवतात, आणि शेवटी फ्रोमाज ब्लाँ, म्हणजे मऊ ताजं पांढरं चीज, वर साखर घालून. ते चाखून जावई हळूच मला मराठीत म्हणाला, आई, श्रीखंडाचा चक्काच की हा. साडेआठला बसलो ते पावणेबाराला उठलो. तेवढ्या वेळात बाई चार वेळा उठल्या, मी मोजलं. एकदाही काही तळलं नाही, लाटलं नाही, परतलं नाही. आणि गप्पा त्याच करत होत्या सगळ्यात जास्त.

त्या रात्री मला झोप लागली नाही, सारखी आईची आठवण येत होती.

संपादक महोदय, २०१० साली युनेस्कोनं फ्रेंच लोकांच्या जेवणाला सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं, ते कुठल्या एका पदार्थाला घेतलेलं नाहीये. वाढदिवस, लग्न, बारसं, भेटीगाठी अशा निमित्तानं माणसांनी एकत्र बसून चांगलं खाणं-पिणं, ही जी चाल आहे ती घेतली. जेवणाआधीचं पेय, मग निदान चार टप्पे, म्हणजे सुरुवातीचं काहीतरी, मग मासे किंवा मांस भाजीबरोबर, मग चीज, मग गोड, आणि शेवटी परत पेय, हे सगळं त्यात नोंदवलंय. आपल्या पानावर चीजच्या क्यूबपेक्षा हे आलं असतं तर किती बरं झालं असतं.

आणि कुणी म्हणेल की त्यांची पद्धत वेगळी, आपली वेगळी, आपल्याकडं ताटात डावं-उजवं सगळं एकदम येतं. पण तिकडं पण पूर्वी एकदमच यायचं हो! श्रीमंतांच्या मेजवानीत पंधरा-वीस भांडी एकाच वेळी टेबलावर मांडायचे आणि ज्याच्या हाताशी जे येईल ते तो घ्यायचा, बरंचसं गार झालेलं. एकामागून एक वाढायची चाल रशियाची, एकोणिसाव्या शतकात ती पॅरिसमध्ये आली आणि हळूहळू रुजली, आज जगाला जी अस्सल फ्रेंच वाटते ती त्यांनी बाहेरून घेतलेली आहे. मग आपण थोडं बदललं तर काय बिघडतं? मी ताट सोडा म्हणतच नाहीये. ताट, वाटी, मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर सगळं तसंच राहू दे. फक्त स्वैपाक असा निवडायचा की तो आपल्यासाठी थांबेल.

कारण त्या लोकांच्या घरगुती स्वैपाकाचं वळणच ते आहे. मोठमोठ्या शेफचं सोडा, घरात रोज जे होतं ते म्हणजे सूप, ओव्हनमध्ये तासभर आपोआप शिजणारं काहीतरी, मंद आचेवर झाकून ठेवलेलं पातेलं. लिओंचं नाव खाण्यात एवढं मोठं झालं ते पण घरच्या स्वैपाकामुळंच, तिथं श्रीमंत घरांत स्वैपाक करणाऱ्या बायकांनी पुढं आपापली छोटी खानावळ काढली, त्यांना लिओंच्या आया म्हणतात. त्यातल्या युजेनी ब्राझिए ह्यांना १९३३ साली दोन रेस्टॉरंटला मिळून सहा मिशेलिन स्टार मिळाले, दोन्हीकडं तीन-तीन. बड्या हॉटेलातली माणसं नव्हे, परक्याच्या घरी रांधणारी बाई.

आता इंदूरबद्दल. पुष्कळांना वाटतं की फ्रान्स आणि आपण ह्यांचा काय संबंध, हे सगळं पुण्या-मुंबईच्या लोकांचं कौतुक. पण इथला माणिकबाग राजवाडा बघा. इंदूरचे महाराज दुसरे यशवंतराव होळकर, १९०८ चा जन्म, त्यांनी १९३० च्या सुमारास हा राजवाडा आतून-बाहेरून नवा करून घेतला. आर्किटेक्ट जर्मन, एकार्ट मुथेसियस, पण आतलं सामान बरंचसं पॅरिसहून आलं, तेव्हाच्या नावाजलेल्या कारागिरांचं. रूलमानचं लिहायचं टेबल, आयलीन ग्रेची खुर्ची, ल कॉर्ब्युझिएची आडवं व्हायची खुर्ची, प्वीफोर्काची चांदीची भांडी. २०१९ च्या शेवटी पॅरिसला त्यावर मोठं प्रदर्शन लागलं होतं, लेक मला आगगाडीनं घेऊन गेली. तिथं माझ्या गावचं नाव मोठ्या अक्षरात वाचून डोळे भरून आले, खरंच सांगते. लहानपणी त्या बाजूनं कितीदा गेलेय, आत काय होतं हे मला पन्नास वर्षांनी परदेशात जाऊन कळलं. वस्तू १९८० साली लिलावात गेल्या, वास्तूत आता सरकारी टॅक्सचं ऑफिस आहे. प्वीफोर्काच्या भांड्यांसमोर मी बराच वेळ उभी होते आणि मनात येत होतं, ह्यात जेवणारे कोण ते आपल्याला माहीत आहे, रांधणारे-वाढणारे कोण होते, ते कधी आणि कुठं बसून जेवले?

असो. आता मी घरी काय करते ते लिहिते, त्या ताईंसाठी. आम्ही शाकाहारी, अंडंसुद्धा नाही, तरी काही अडत नाही.

आपेरोला मी कोकम सरबत किंवा उन्हाळ्यात पन्हं ठेवते, बरोबर लवंगी शेव आणि खारे दाणे, इंदूरात राहून शेव नाही ठेवायची तर काय. आणि चक्का. लिओंच्या विणकरांचा म्हणून एक पदार्थ आहे, सर्व्हेल द कान्यू, फ्रोमाज ब्लाँमध्ये बारीक चिरलेला छोटा कांदा, लसूण, हिरवी पाती, मीठ, मिरपूड, थोडं व्हिनेगर आणि तेल. मी डेअरीतून पाव किलो ताजा चक्का आणते, आंबट नको, त्यात पातीचा कांदा, लसणाची एक पाकळी ठेचून, लिंबू आणि मिरपूड घालून दोन तास फ्रीजमध्ये ठेवते. पावाच्या भाजलेल्या तुकड्यावर, नाहीतर खाकऱ्यावर. गरीब विणकरांचं खाणं ते, महागडं काहीच नाही त्यात.

सोका म्हणून एक आहे, नीस शहरातलं, समुद्राकाठचं. ऐकून आश्चर्य वाटेल पण ते आपलं बेसनाचं धिरडंच आहे! पाव किलो बेसन, अर्धा लिटर पाणी, तीन-चार चमचे तेल, मीठ, आणि दोन तास भिजू द्यायचं. तिथं मोठाल्या तांब्याच्या परातीत लाकडाच्या भट्टीत भाजतात, मी ओव्हनच्या ट्रेमध्ये आधी तेल घालून ट्रे चांगला तापवते आणि मग पातळ थर ओतते. कडा काळपट व्हायला पाहिजेत. वर भरपूर मिरपूड, हळद-तिखट काही नाही. तव्यावर एकेक धिरडं घालत उभं राहायला नको, एका ट्रेमध्ये सहा जणांचं होतं, हाताने तोडून खायचं.

गाजराला किंवा काकडीला जी विनेग्रेत, म्हणजे तेल आणि आंबट फेटून केलेलं पातळसं मिश्रण, लावतात त्यात दिजों शहराच्या नावाची वाटलेली मोहरी असते. तिची बाटली आणायला मॉलमध्ये जाऊ नका. आपली आई-आजी मोहरी फेसायची ना, वाटून पाणी घालून घोटत राहायची नाकात झिणझिण्या येईपर्यंत, तीच घ्या. मोहरीचा झणका दाणा फुटून पाणी लागल्यावरच सुटतो, तिकडं तेच व्हिनेगर वगैरे घालून करतात. एक भाग लिंबू, तीन भाग तेल, चमचाभर फेसलेली मोहरी, मीठ, बाटलीत घालून हलवा, मोहरीमुळं तेल आणि लिंबू जरा वेळ एकजीव राहतं. मी घाण्याचं शेंगदाणा तेल वापरते आणि मला ते ऑलिव्हपेक्षा जास्त आवडतं.

आणि मुख्य म्हणजे ग्रातँ दोफिन्वा, तीच ती बटाट्याची थाळी. दोफिने नावाच्या डोंगराकडच्या भागातली, १७८८ सालच्या एका मेजवानीत तिचं नाव सापडतं. आपल्या इंदूरकडचा जो चिप्सचा बटाटा आहे, पिठूळ, तो ह्याला फार छान. एक किलो बटाटे सोलून पातळ चकत्या, थाळीला आतून लसणाची पाकळी चोळायची आणि लोणी लावायचं, चकत्या मीठ आणि किंचित जायफळ घालून रचायच्या, वरून अर्धा लिटर दूध आणि पाव लिटर क्रीम मिसळून. दूध मलईवालं घ्या. ओव्हनमध्ये मध्यम आचेवर सव्वा तास. दोन गोष्टी अगदी लक्षात ठेवा, एक म्हणजे चीज घालू नका, अस्सल पद्धतीत ते नाहीच, आणि दुसरं म्हणजे चकत्या कापल्यावर धुवू नका, बटाट्याच्या स्टार्चनंच दूध घट्ट होतं, धुतलं की पाणी-पाणी. आपल्याला बटाटा कापला की पाण्यात टाकायची सवय असते म्हणून मुद्दाम सांगितलं. ओव्हन बंद केल्यावर अर्धा तास आत तशीच राहिली तरी गरम राहते, उलट सेट होते आणि सुरेख सुटते. ह्या अर्ध्या तासात मी साडी बदलून बाहेर जाऊन बसते.

थंडीत कांद्याचं सूप करते, पाऊण तास कांदा मंद आचेवर तांबूस होईपर्यंत, पण ते सकाळीच करून ठेवायचं. गोडाला नाशपाती साखरेच्या पाकात दालचिनी घालून शिजवलेली, गार, तीही आदल्या दिवशीची.

आणि हे सगळं फ्रेंचच पाहिजे असं मुळीच नाही. आपल्या माळव्याचा दाल-बाफला घ्या, बाफले म्हणजे कणकेचे गोळे, ते आधी उकडून मग भाजून तुपात बुडवून ठेवले की वाढताना फक्त चुरायचे, डाळ पातेल्यात, लसणाची चटणी वाटीत. बाईला बसता येतं! पुऱ्या आणि गरम पोळ्यांचा जेवढा हट्ट तेवढीच ती ओट्याला बांधलेली. पाहुणे असले की मी पोळ्या करतच नाही आता, भात, भाकरी नाहीतर पाव. भाकरी आधी करून कापडात गुंडाळून ठेवली तर मऊ राहते.

आमच्या घरात ह्यावरून बोलणी झाली. यजमानांचं म्हणणं पाहुण्याला गार खायला घालायचं म्हणजे अपमान. नणंद म्हणाली वहिनी फ्रान्सला जाऊन आल्यापासून फारच बदलल्यात. मी म्हटलं गार कुठंय, सूप गरम आहे, बटाटा गरम आहे, फक्त मी पण गरमच खाणार आहे. आग्रह करून वाढणं मला पण आवडतं, तो आपला संस्कार आहे आणि तो जाऊ नये, पण शेजारी बसून आग्रह करता येतो की. भांडी टेबलावर मधे ठेवली की कुणीही कुणाला वाढतं, आमचे जावई आणि भाचे वाढायला लागलेत, पुरुषांचे हात टेबलापर्यंत सहज पोचतात हे मला आधी माहीतच नव्हतं.

हॉटेलचं त्या ताई लिहितात ते मी समजू शकते. इंदूरला आलेल्या पाहुण्याला सकाळी छप्पन दुकान ह्या खाऊगल्लीत पोहे-जलेबी आणि रात्री सराफा बाजारात भुट्ट्याचा कीस आणि थंडीत गराडू, म्हणजे तळलेला कंद, खिलवायचा नाही असं कुणी म्हणणार नाही, मी स्वतः नेते. पण तिथं उभ्यानं खायचं, गर्दी, आवाज, बोलणं काही होत नाही. आणि हॉटेलात दीड तासात वेटर बिल आणून ठेवतो. मनातलं काही बोलायचं असतं ते माणूस जेवण झाल्यावर, हात वाळल्यावर बोलतो, ते घरातच होतं. ताई, बोलावणं सोडू नका हो. सात पदार्थ नका करू, तीन करा, आदल्या रात्री दोन उरका.

मागच्या दिवाळीनंतर आम्ही आठ जण जेवायला होतो, त्यात माझी आत्या, वय ८२, आईच्या पिढीतली आता तीच एक राहिलीय. सूप आलं तर ती उठली, वाढते म्हणाली. भाच्यानं बसवली. बटाटा आला तर परत उठली, कुणाला काय हवं बघायला, मग मी तिच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसले आणि तिचा हात हातात घेऊन बसले. ती थोडा वेळ माझ्याकडं बघत राहिली. म्हणाली, अगं तू पण बसलीस, मग आत कोण आहे? मी म्हटलं कुणी नाही आत्या, गॅस बंद आहे. त्यावर ती काही बोलली नाही. नंतर तिनं दोनदा बटाटा मागून घेतला आणि दहा वाजता झोपणारी बाई साडेअकरापर्यंत आमच्यात बसून माझ्या आईच्या लग्नातल्या गोष्टी सांगत होती, त्यातल्या कितीतरी मी कधी ऐकलेल्याच नव्हत्या.

तेव्हा आपल्याला विनंती अशी की पुरवणीत रेसिपी छापाल तेव्हा प्रत्येकीखाली दोन ओळी टाका, कुठला भाग आदल्या दिवशी होतो आणि पदार्थ तयार झाल्यावर किती वेळ थांबतो. फ्रेंच असो की आपली. जागा कमी असेल तर माझ्या पत्रातलं माणिकबागेचं खुशाल काढा, पण आत्याचं राहू द्या, आणि बटाट्याच्या चकत्या धुवायच्या नाहीत ते पण.

कळावे,
आपली जुनी वाचक,
सुदामा नगर, इंदूर